दाणा घेण्याआधी: उपचाराच्या साधनांसाठी प्लास्टिक कसं निवडायचं

नेब्युलायझरच्या, म्हणजे औषधाची वाफ करून ओढायला देणाऱ्या यंत्राच्या कपाचं झाकण होतं ते. पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकचं, पांढुरकं. साच्यातून निघाल्यावर दोन बोटांत दाबलं तर वाकायचं, सोडलं की सरळ व्हायचं. गॅमा किरणांनी निर्जंतुक होऊन आलं तेव्हाही वाकलं. चार महिन्यांनी राखीव नमुन्यांचा खोका उघडला, त्याच लॉटचं झाकण दाबलं, आणि ते पापडासारखं कटकन मोडलं. दाण्याच्या, म्हणजे प्लास्टिकच्या कच्च्या मालाच्या पोत्यावर ‘मेडिकल ग्रेड’ असं ठळक छापलेलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. तो दाणा वाफेने आणि ईटीओ (इथिलीन ऑक्साइड) वायूने निर्जंतुक करण्यासाठी चालणारा होता, किरणांसाठी नव्हता. आम्ही कुणी ते विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून कुणी ‘सगळ्यात सेफ प्लास्टिक कोणतं?’ असं विचारलं की मी उलट तीन प्रश्न टाकते. कशाकशाला लागणार? किती वेळ? निर्जंतुक कसं करणार? ही उत्तरं हाताशी नसतील तर पुरवठादाराला फोन करून उपयोग नाही. तो त्याच्याकडे पडून असलेला दाणा गळ्यात मारणार.

नेब्युलायझर किट, ऑक्सिजन मास्क, सलाइन सेट, औषध देण्याच्या नळ्या आणि जोडण्या बनवणाऱ्या लहान कारखान्यांसाठी हे लिहिते आहे. शरीरात कायमचं बसवायच्या इम्प्लांटचा मामला निराळा, तो इथे घेत नाही.

पहिली पायरी: एक कागद भरा

साधनाचा एकेक भाग घ्या आणि तो कशाला लागतो ते लिहा. त्वचेला, तोंडाच्या आतल्या भागाला, रक्ताला, औषधाला, की रुग्ण ओढतो त्या हवेला? मग वेळ. जैवसुसंगततेचं, म्हणजे साधन शरीराला अपाय करत नाही ना हे तपासण्याचं मूळ मानक आयएसओ १०९९३-१ स्पर्शाचे तीन गट पाडतं: २४ तासांपर्यंत, २४ तास ते ३० दिवस, आणि ३० दिवसांपुढे. गट वरचा, तसा चाचण्यांचा डोंगर उंच.

गडबड होते ती हिशोबात. नेब्युलायझरचा मास्क एका वेळी १५ मिनिटं लावतात, म्हणून ‘२४ तासांच्या आत’ असं लिहून लोक मोकळे होतात. पण दम्याचा रुग्ण तोच मास्क दिवसातून तीनदा, सहा महिने लावतो. तासांनी मोजलं तर १३५ तास झाले. ज्या दिवशी स्पर्श झाला तो अख्खा दिवस धरला तर १८० दिवस. मी दुसरा हिशोब धरते. त्याने खर्च वाढतो हे मान्य, पण परीक्षकासमोर घाम फुटत नाही.

श्वासाच्या वाटेतल्या भागांसाठी आयएसओ १८५६२ ही वेगळी मालिका आहे. हवेत सुटणारे कण, उडणारी सेंद्रिय रसायनं आणि साचलेल्या पाण्यात उतरणारे पदार्थ तिच्यात तपासले जातात. बरेच जण फक्त त्वचेची चाचणी करून थांबतात आणि फुप्फुसात जाणारी वाफ विसरतात.

कागदावर आणखी दोन रकाने ठेवा: रुग्ण कोण, आणि साधन कुठल्या हवेत राहणार. नवजात बाळ असेल तर वजनाच्या मानाने डोस कितीतरी पटीने वाढतो. दुसऱ्या रकान्यासाठी फिलिप्स रेस्पिरॉनिक्सचं उदाहरण पुरे. झोपेत श्वास अडकणाऱ्यांसाठीच्या त्यांच्या यंत्रांत आवाज दाबायला पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेनचा फोम होता. हा फोम ओलाव्याने आणि उष्णतेने कुजतो, त्याचे काळे कण आणि वायू हवेच्या वाटेत जाऊ शकतात, म्हणून जून २०२१ मध्ये जगभरातून लाखो यंत्रं परत मागवावी लागली. पॉलिएस्टर पॉलियुरेथेन पाण्याने तुटतं हे रसायनशास्त्राला तेव्हा काही नवीन नव्हतं. पॉलिइथर जात ओलाव्याला अधिक टिकते. जुलैत रत्नागिरीत भिंतीला हात लावला तरी ओल लागते; आपल्या मालाला तो महिना काढायचाय, हे लक्षात असू द्या.

दुसरी पायरी: औषधाशी जमतं का ते बघा

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

सलाइनच्या नळीचं नेहमीचं प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी. नुसतं पीव्हीसी कडक असतं; ते मऊ करायला तेलासारखं एक रसायन मिसळतात. डीईएचपी हे त्यातलं जुनं आणि स्वस्त, आपल्या बाजारात डीओपी म्हणून ओळखलं जाणारं. मऊ नळीच्या वजनात त्याचा वाटा ३० ते ४० टक्क्यांपर्यंत असू शकतो. ते पीव्हीसीला रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं, नुसतं मुरलेलं असतं. पुरणपोळी कागदावर ठेवली की तूप कागदात उतरतं, तसं ते तेलकट द्रवात उतरतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत नराच्या प्रजननसंस्थेवर त्याचा परिणाम दिसला, आणि २००२ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने नवजात मुलगे आणि मुलगा पोटात असलेल्या गर्भवतींबद्दल सावधगिरीची सूचना काढली.

साध्या मिठाच्या सलाइनमध्ये डीईएचपी अगदी थोडं उतरतं. स्निग्ध किंवा साबणासारखे घटक असलेल्या औषधात मात्र भरपूर. कर्करोगावरचं पॅक्लिटॅक्सेल ज्या एरंडेलजन्य द्रावकात विरघळवतात, तो द्रावक पीव्हीसीतून डीईएचपी खेचून काढतो. म्हणून ते काचेत किंवा पॉलिओलेफिनच्या (पॉलिइथिलिन, पॉलिप्रॉपिलिनच्या घराण्यातल्या प्लास्टिकच्या) पिशवीत ठेवायचं आणि आतून पॉलिइथिलिनचा थर असलेल्या सेटमधून द्यायचं, असं औषधाच्या माहितीपत्रकातच असतं. शिरेतून पोषण देण्याच्या पिशव्यांत चरबीचं दूध असतं, म्हणून त्या ईव्हीए या दुसऱ्या मऊ प्लास्टिकच्या करतात.

उलटी गोष्टही घडते. नायट्रोग्लिसरिन, डायझेपाम ही औषधं पीव्हीसी स्वतःत शोषून घेतं. इन्सुलिन नळीच्या भिंतीला चिकटतं. रुग्णाला कमी डोस मिळतो आणि दोष डॉक्टरांच्या हिशोबाला लागतो. तेव्हा ‘प्लास्टिकमधून औषधात काय जातं’ याच्या शेजारी ‘औषधातून प्लास्टिकमध्ये काय जातं’ हाही प्रश्न कागदावर लिहा.

तिसरा त्रास तडकण्याचा. पॉलिकार्बोनेटचे पारदर्शक तीनमार्गी नळ दिसायला काचेसारखे देखणे, पण चरबीयुक्त द्रव लागला आणि जोडणी घट्ट पिळलेली असली की त्यांना केसासारख्या भेगा पडतात. दोन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात: रसायन आणि ताण. म्हणून असे भाग औषधात नुसते बुडवून तपासू नका. नळी जोडून, पूर्ण आवळून, औषध भरून दोन-तीन दिवस ठेवा आणि भिंगाखाली जोडणीचा गळा बघा.

डीईएचपी टाळायचं तर वाटा दोन. पीव्हीसी तेच ठेवून मऊ करणारं रसायन बदला: टीओटीएम, डीआयएनसीएच किंवा डीईएचटी. यातल्या टीओटीएमचा रेणू मोठा, तो तुलनेने कमी सुटतो. किंवा पीव्हीसीच सोडा आणि थर्मोप्लास्टिक इलास्टोमर (रबरासारखं प्लास्टिक), पॉलिओलेफिन किंवा सिलिकोनकडे जा. पहिल्या वाटेला साचे-डाय बदलायला लागत नाहीत. दुसरीला बहुधा अख्खा सेट नव्याने आखावा लागतो, कारण पॉलिओलेफिनची नळी पीव्हीसीसारखी सायक्लोहेक्झॅनोन हा द्रावक लावून चिकटत नाही. ‘डीईएचपी-मुक्त’ आणि ‘पीव्हीसी-मुक्त’ हे दोन वेगळे दावे आहेत, वेष्टनावर त्यांची सरमिसळ करू नका. आणि खरेदीच्या माणसाला नीट सांगून ठेवा: डीईएचटीला बाजारात डीओटीपी म्हणतात. डीओपी आणि डीओटीपी, मध्ये एक ‘टी’. कोटेशनमध्ये तो ‘टी’ गळलेला मी पाहिला आहे.

निर्यात करणार असाल तर युरोपच्या नियमांनुसार अशा घातक पदार्थाचं प्रमाण वजनाच्या ०.१ टक्क्यावर गेलं की लेखी समर्थन आणि लेबलवर उल्लेख लागतो. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून डीईएचपी घातलेल्या सलाइनच्या पिशव्यांना २०३० पासून आणि नळ्यांना २०३५ पासून बंदी ठरवली आहे. रक्ताच्या पिशव्यांचं मात्र सरळ नाही: डीईएचपीमुळे तांबड्या पेशी साठवणीत कमी फुटतात, म्हणून तिथे बदल हळू चालला आहे.

तिसरी पायरी: निर्जंतुकीकरण आधी ठरवा, दाणा नंतर

आमची चूक हीच. आम्ही दाणा ठरवला, साचा केला आणि मग निर्जंतुकीकरणाचे दर विचारले. गॅमा स्वस्त पडला.

गॅमाची सोय आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत ट्रॉम्बेचा आयसोमेड प्रकल्प १९७४ पासूनचा. बंद खोक्यातला माल किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० च्या समोरून फिरतो, नेहमीचा डोस २५ किलोग्रे (किलोग्रे हे किरणांच्या डोसाचं माप). पण २५ हा किमान आकडा. खोक्याच्या बाहेरच्या बाजूच्या मालाला ४० पर्यंतही बसू शकतो. दाणा त्या वरच्या आकड्याला टिकतो का ते विचारा.

पॉलिप्रॉपिलिनच्या लांब साखळ्या किरणांनी तुटतात. तुटलेली टोकं प्लास्टिकच्या स्फटिकी भागांत अडकून राहतात आणि पुढचे कित्येक महिने ऑक्सिजनशी सावकाश अभिक्रिया करत बसतात. म्हणून झाकण पहिल्या आठवड्यात वाकलं आणि चौथ्या महिन्यात मोडलं. किरणांना टिकणारे पॉलिप्रॉपिलिनचे खास दाणे मिळतात, त्यांतले स्थिरक निराळे असतात. टेफ्लॉन आणि ॲसिटल किरणांना अगदीच कच्चे, त्यांना गॅमात पाठवू नका. पॉलिकार्बोनेट पिवळसर पडतं पण ताकद बऱ्यापैकी टिकवतं. पीव्हीसीही पिवळं पडतं. पॉलिइथिलिन आणि पॉलिस्टायरिन सहसा निभावून नेतात.

ईटीओ वायू बहुतेक प्लास्टिकना मानवतो, पण तो स्वतः कर्करोगकारक. मऊ पीव्हीसी आणि पॉलियुरेथेन तो पिऊन घेतात आणि सावकाश सोडतात. आयएसओ १०९९३-७ प्रमाणे पहिल्या २४ तासांत रुग्णाला ४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त मिळता कामा नये. त्यामुळे हवा खेळवण्याचे दिवस प्लास्टिकप्रमाणे ठरवावे लागतात, ट्रक दारात उभा आहे म्हणून कमी करता येत नाहीत.

१२१ अंशांच्या वाफेत पॉलिप्रॉपिलिन टिकतं, साधं एलडीपीई (कमी घनतेचं पॉलिइथिलिन) वितळून बसतं. पॉलिकार्बोनेट काही फेऱ्या चालतं. वारंवार उकळून वापरायचा भाग असेल तर पॉलिसल्फोन किंवा पीपीएसयू ही उष्णतेला टिकणारी प्लास्टिकं घ्या, महाग असले तरी.

चौथी पायरी: दाण्यात प्लास्टिकशिवाय काय आहे?

पोत्यावर ‘पीपी’ (पॉलिप्रॉपिलिन) लिहिलेलं असलं तरी आत अँटिऑक्सिडंट, स्थिरक, घसरण वाढवणारे मेणकट पदार्थ, उत्प्रेरकाचे अवशेष आणि रंग असतो. बहुतेक वेळा त्रास पॉलिमर देत नाही, ही पाहुणे मंडळी देतात.

एक उदाहरण जैवऔषधांच्या कारखान्यांतलं. तिथे पेशी एकदाच वापरायच्या प्लास्टिक पिशव्यांत वाढवतात. काही पिशव्यांत पेशी वाढेनात. २०१३ मध्ये कारण प्रसिद्ध झालं: पॉलिइथिलिनच्या थरात घातलेलं एक नेहमीचं फॉस्फाइट अँटिऑक्सिडंट गॅमाने फुटून एक नवं रसायन तयार होत होतं आणि तेच पेशींना मारक ठरत होतं. मूळ घटकांच्या यादीत ते रसायन शोधून सापडलंच नसतं. मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभ्या राहिलेल्या, २०२३ मध्ये परवानगी मिळालेल्या नेक्सकार१९ सारख्या कर्करोगावरच्या पेशी-उपचारात तर औषध म्हणजे रुग्णाच्याच जिवंत पेशी. तिथे पिशवी आणि नळी ही उपचाराचाच भाग.

पुरवठादाराकडून लेखी घ्या: नेमकं ग्रेडचं नाव, प्राणिज घटक आहेत का, बिस्फेनॉल आणि थॅलेट्सबद्दलचं (डीईएचपी हे एक थॅलेट) निवेदन, कोणत्या निर्जंतुकीकरणासाठी योग्य, आणि वैद्यकीय वापराला त्यांची संमती आहे का. हा शेवटचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. मोठ्या रेझिन कंपन्या आपल्या माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘वैद्यकीय वापरासाठी नाही’ असं लिहितात, आणि मधला व्यापारी ते पान जोडत नाही.

‘क्लास सिक्स’ या शिक्क्यालाही भुलू नका. अमेरिकन फार्माकोपियाच्या त्या चाचणीत प्लास्टिकचा अर्क प्राण्यांना टोचून आणि तुकडा रोपण करून प्रतिक्रिया बघतात. ज्या नमुन्यावर चाचणी झाली तो दाण्यापासून बनवलेला साधा तुकडा असतो. तुमचा रंग, तुमचा साचा, तुमचा गॅमा त्यात नसतो.

रंग शक्यतो घालूच नका. मास्टरबॅच म्हणजे रंगद्रव्य आणि ते वाहून नेणारं आणखी एक प्लास्टिक, त्याची कुंडली पुन्हा वेगळी. मार्केटिंगवाल्यांना निळा कप हवा असतो. त्यांना निळी पिशवी द्या.

ग्रेड बदलून पैसे वाचवायचा मोह कुठवर नेतो ते फ्रान्समधल्या पीआयपी कंपनीने दाखवलं. स्तनांच्या इम्प्लांटमध्ये मान्यता असलेल्या जेलऐवजी औद्योगिक सिलिकोन भरलं होतं. २०१० मध्ये ते उघड झालं तोवर कित्येक देशांतल्या लाखो स्त्रियांच्या शरीरात ते बसलेलं होतं.

पाचवी पायरी: आपल्याच कारखान्यात काय बिघडतं

चांगला दाणा वाईट करायला एक रात्रपाळी पुरते. पॉलिकार्बोनेट १२० अंशांना तीन-चार तास सुकवून ओलावा ०.०२ टक्क्यांखाली आणावा लागतो. ड्रायर न लावता हॉपरमध्ये ओतलं तर पाणी साखळ्या तोडतं; भागावर चंदेरी रेघा दिसतात, कधी दिसतही नाहीत, आणि माल ठिसूळ निघतो. पीव्हीसी बॅरलमध्ये जास्त वेळ थांबलं तर जळतं आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडतं.

रनरचा, म्हणजे साच्याच्या वाटेत उरलेल्या प्लास्टिकचा चुरा पुन्हा दाण्यात मिसळणं बादल्या-मग बनवणाऱ्याला चालतं. रुग्णाच्या संपर्कातल्या भागात मी ते बंद ठेवते. त्यासाठी क्रशर वेगळ्या शेडमध्ये नेला, कारण नियम भिंतीवर लावून भागलं नाही. सिलिकोनचा मोल्ड स्प्रे हाही छुपा पाहुणा. साच्याला पॉलिश आणि योग्य उतार दिला तर त्याची गरज फारशी उरत नाही. नळ्या जोडताना सायक्लोहेक्झॅनोन ब्रशने थापलं जातं, ते मोजून लावा आणि उडून जायला वेळ द्या. नाकाला वास येतोय म्हणजे रुग्णालाही मिळणार.

वेष्टनाचंही तेच. नेब्युलायझरच्या औषधाच्या एलडीपीई कुप्यांवर कागदी लेबल चिकटवलं तर गोंद आणि शाईतली रसायनं भिंतीतून आत जाऊ शकतात. म्हणून त्या कुप्यांवर मजकूर प्लास्टिकमध्येच उठावाने घेतात आणि वर फॉइलचं पाकीट चढवतात.

सहावी पायरी: चाचण्या कोणत्या क्रमाने

आधी स्वस्त, मग महाग. पहिला मेल्ट फ्लो इंडेक्स, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक किती सहज वाहतं त्याचं माप: पॉलिप्रॉपिलिनचा २३० अंशांना, २.१६ किलो भाराखाली, किरणांआधी आणि नंतर. आकडा उडी मारून वाढला तर साखळ्या तुटल्या. छत्रपती संभाजीनगरच्या सिपेटसारख्या (केंद्र सरकारची प्लास्टिक संस्था) ठिकाणी साहित्याच्या अशा चाचण्या होतात. मग पेशींवरची विषारीपणाची चाचणी: तयार, निर्जंतुक केलेल्या भागाच्या अर्कात उंदराच्या एल-९२९ पेशी ठेवतात, जिवंत पेशी ७० टक्क्यांखाली गेल्या तर गडबड आहे. हिच्यात नापास झालात तर पुढच्या चाचण्यांचे पैसे वाचले. त्यानंतर आयएसओ १०९९३-१८ प्रमाणे अर्कातली रसायनं ओळखणं, त्यावरून विषशास्त्रज्ञाचा हिशोब, आणि गरज उरलीच तर प्राण्यांवरच्या चाचण्या. सगळं तयार मालावर करायचं. दाण्यावर किंवा चकतीवर केलेलं धरू नका.

आयुष्य ठरवताना माल ५५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवतात. तापमान १० अंशांनी वाढलं की वेग दुप्पट, या ठोकताळ्याने २५ अंशांच्या गोदामातलं एक वर्ष साधारण ४६ दिवसांत उरकतं. हा ठोकताळाच आहे. किरण दिलेल्या पॉलिप्रॉपिलिनला तो लागू पडेलच असं नाही, म्हणून खऱ्या वेळेतला नमुना सोबत हवाच.

सातवी पायरी: करार आणि परवाना

वैद्यकीय उपकरण नियम २०१७ प्रमाणे उपकरणांचे अ, ब, क, ड असे चार वर्ग आहेत. अ आणि ब वर्गांचा उत्पादन परवाना राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं, क आणि ड वर्गांचा दिल्लीतून सीडीएससीओ ही केंद्राची औषध नियामक संस्था. भाग कशाचा बनला आहे ते बदलणं किंवा निर्जंतुकीकरणाची पद्धत बदलणं हे मोठे बदल मानले जातात, त्यांना आधी परवानगी लागते. पण बदल तुम्ही न करताही होतो: दाण्याची कंपनी अँटिऑक्सिडंट बदलते आणि ग्रेडचं नाव तेच ठेवते. म्हणून करारात ‘घटकांत बदल करण्याआधी लेखी सूचना’ हे कलम घाला, शक्य असेल तर वर्षभर आधीचं. आमच्यासारख्या महिन्याला दोन टन घेणाऱ्याला मोठी कंपनी हे सहज देत नाही. वैद्यकीय ग्रेडच्या यादीतला दाणा घेतला तर मिळतं, किलोमागे जास्त पैसे मोजून. ते पैसे मी खरेदी विभागाशी भांडून देते.

प्रत्येक लॉटचे राखीव नमुने ठेवा. आमच्याकडे आता त्या खोक्यावर तारखांचा तक्ता चिकटवला आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रत्येक लॉटमधलं एक झाकण काढायचं, दोन बोटांत दाबायचं, आणि वाकलं की मोडलं ते लिहून सही करायची.